आफ्रिकेआधी वेळणेश्वर

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तुम्ही दोघं फोनवर सारखं विचारत होता, "आजी, आफ्रिकेची तयारी कुठवर आली?" मी "चाललंय" एवढंच म्हणत होते. तयारी चालली होती हे खरंच होतं, पण जाणं होणार की नाही हे मलाच माहीत नव्हतं. ते सगळं आता सवडीने लिहिते. तुम्हाला मराठी वाचता येत नसलं तरी तुमच्या आईला येतं. ती वाचून दाखवील. मध्ये एका ठिकाणी ती थांबेल आणि म्हणेल, हे मुलांना कशाला. तिला सांगा, आजीने पुढे वाच म्हटलंय.

मी शाळेत भूगोल शिकवायची. आफ्रिकेचा नकाशा मला फळ्यावर न बघता काढता येई, आणि झांबेझी नदी कुठे वळते, कलहारीचं वाळवंट कुठे येतं, हे मी मुलींच्या कित्येक तुकड्यांना सांगितलं. त्यातलं मी स्वतः काहीच पाहिलेलं नव्हतं. त्याचं मला दुःख होतं असं नाही, पण पुण्याच्या एका टूर कंपनीची दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना आणि व्हिक्टोरिया धबधब्याची सहल आहे असं कळलं, तेव्हा मी माहितीपत्रक मागवलं आणि ते वाचून झाल्यावर पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं.

आजोबा येणार नव्हते. सहल नोव्हेंबरातली. आंब्याला मोहोर यायच्या दिवसांत ते पावसची बाग सोडत नाहीत. शिवाय त्यांचं म्हणणं असं की, "बागेतली वानरं हाकलून हाकलून मी दमतो. पैसे देऊन आणखी जनावरं बघायला मी जाणार नाही. तुला जायचं तर जा, पण एकटी जाऊ नकोस."

मलाही एकटीने जायचं नव्हतं. सहलीत दोघींना मिळून एक खोली देतात, आणि अनोळखी बाईच्या घोरण्याची सवय करून घ्यायचं माझं वय नाही. म्हणून मी वन्संना विचारलं. वन्सं म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, तुमची आत्याआजी. त्या आणि मी जवळपास एका वयाच्या. त्या पावसलाच असतात, आमच्या बागेपासून हाकेच्या अंतरावर, आणि आम्ही रत्नागिरीत. त्यांचे यजमान बोटीवर होते आणि डर्बन, केपटाउन अशी बंदरं त्यांनी पुष्कळ केली. एकदा ते शहामृगाचं अंडं घेऊन आले. ते अजून वन्संच्या कपाटात आहे, काचेमागे, कापसावर ठेवलेलं. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, पण अंडं दर दसऱ्याला पुसलं जातं.

मी विचारल्यावर वन्सं लगेच म्हणाल्या, "येते की. अंडं पाहिलं, आता पक्षी पण बघते."

तेव्हा ठरलं असं की, वन्सं आल्या तर मी जाणार, नाहीतर माझंही जाणं रद्द. दुसरी कुणी सोबत मला सुचतही नव्हती आणि नकोही होती.

पासपोर्ट आणि व्हिसाचं काम मी केलं. मलेरियाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचारून आले. कंपनीने एक लांबलचक सूचनापत्र पाठवलं होतं, त्याचं मी वन्संसाठी मराठी केलं. कपडे मातकट किंवा खाकी रंगाचे असावेत. गडद निळा आणि काळा नको, त्याने तिथल्या चावऱ्या माश्या येतात. बॅग मऊ कापडी हवी, कारण लहान विमानात टणक पेटी बसत नाही. बूट आधीपासून वापरून मऊ केलेले असावेत. पहाटे उघड्या गाडीतून प्राणी बघायला नेतील, ती फेरी काही तासांची असते, आणि त्या वेळात कुणीही गाडीतून खाली उतरायचं नाही.

आम्ही दोघींनी आयुष्यात पहिल्यांदा खेळाचे बूट घेतले. मी दोन खाकी पँट शिवून घेतल्या. शिंप्याने मापं घेताना, "एनसीसीत लागलात का बाई?" असं विचारलं. तो माझ्या एका विद्यार्थिनीचा नवरा आहे, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. वन्संसाठी मी पंजाबी ड्रेस सुचवला, पण त्या ऐकेनात.

"उघड्या गाडीत चढायचंय, वन्सं. साडीत पाय अडकेल."

"लग्नात ट्रकमध्ये चढले मी साडी नेसून. तिथे काय जिना होता?"

"तेव्हा तुम्ही अठरा वर्षांच्या होतात."

"आता साडीची सवय जास्त झालीय," त्या म्हणाल्या.

मी तो जुन्या वळणाचा हट्ट समजले आणि विषय सोडला.

सप्टेंबर संपता संपता वन्सं थंडावल्या. फोन केला तर बुटांबद्दल बोलायच्या नाहीत, सुनेबद्दल नाहीतर गुडघ्याबद्दल बोलायच्या. गुडघा त्यांचा चांगला आहे. मग एके दिवशी त्या म्हणाल्या, "वहिनी, एवढी समुद्रापार निघालोय आपण. देवीला विचारायला नको? कौल लावू आणि मग काय ते पक्कं करू."

कौल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं. आपल्याकडे गावात काही मोठं काम काढायचं असलं, म्हणजे घर बांधणं, विहीर खणणं, लग्न ठरवणं, की ग्रामदेवतेला विचारतात. देवळातला गुरव, म्हणजे पुजारी, देवीच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न मोठ्याने सांगतो. मग सगळ्यांनी वाट बघत बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवीची संमती आहे. डावीकडची पडली तर काम करायचं नाही. माझं शिक्षण मिशनच्या शाळेत इंग्रजीतून झालं आणि सासरी येईपर्यंत मी कौल पाहिला नव्हता. माझा त्यावर विश्वास आहे असं म्हणता येणार नाही. पण कौल लागल्यावर गावात कुणी वाद घालत नाही, हे मी पाहिलेलं आहे, आणि ते थोडं नाही.

आजोबा, वन्सं आणि मी सकाळी देवळात गेलो. देऊळ गार होतं. गुरवाने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवीला घातलेलं साकडं. त्याच्या प्रत्येक वाक्याला जमलेल्यांनी "होय महाराजा" म्हणायचं असतं. जमलेले म्हणजे आम्हीच, आणि देवळात वारा खायला बसलेले दोन म्हातारे.

"आई माऊली, ह्या तुझ्या लेकी आज आफ्रिका देशाला निघाल्या हायत!"

"होय महाराजा!"

"जाताना इमान हाय, येताना इमान हाय. थय सिंव्ह हाय, हत्ती हाय, पाण्यात सुसर हाय!"

"होय महाराजा!"

"विम्याचं पण सांग," आजोबा हळूच म्हणाले. "विमा काढलाय."

"ता देवीक काय कराचाय?" गुरवाने मागे न बघता विचारलं आणि गाऱ्हाणं पुढे नेलं. शेवटी तो म्हणाला, "जावचं असंल तर उजवा दे, र्‍हवायचं असंल तर डावा दे."

मग आम्ही बसलो. पाकळ्यांकडे बघता बघता माझं लक्ष वन्संकडे गेलं. त्या हात जोडून डावीकडच्या पाकळीकडे बघत होत्या, उजवीकडे त्यांची नजर जातच नव्हती. बराच वेळ गेल्यावर उजवीकडची पाकळी सुटली आणि घरंगळत खाली आली.

"झाला!" गुरव म्हणाला. "रोखठोक उजवा."

म्हातारे खूश झाले. आजोबांनी नारळ फोडायला पुढे केला. वन्संचा चेहरा मात्र परीक्षेचा निकाल चुकीचा लागलेल्या मुलीसारखा झाला होता. त्यांनी देवीला नमस्कार केला आणि कुणाशी न बोलता पायऱ्या उतरून गेल्या. असे चेहरे वर्गात मी पुष्कळ पाहिले आहेत, त्यामुळे मला एवढं नक्की कळलं की वन्संना देवीकडून नकार हवा होता. का हवा होता ते मात्र कळेना. जिला शहामृग बघायचा आहे, तिला देवीने जा म्हटल्यावर वाईट का वाटावं?

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर "छे गो, काय तरीच" एवढंच उत्तर आलं असतं. मी ठरवलेलं काम पुढे चालू ठेवलं, आणि ते काम म्हणजे सराव. कंपनीच्या सूचनांत पहाटेच्या फेरीचं जे वर्णन होतं, तसाच एक दिवस आपण इथे काढून बघायचा. पहाटे उठायचं, डब्यात न्याहारी घ्यायची, दुर्बीण गळ्यात, टोपी डोक्यावर, बूट पायात, आणि मुक्कामाला पोचेपर्यंत गाडीतून उतरायचं नाही. जागा मी वेळणेश्वर निवडली. रस्ता वळणांचा आहे, मध्ये खाडी फेरीबोटीने ओलांडावी लागते, आणि शेवटी शंकराचं देऊळ असल्यामुळे वन्सं नाही म्हणणार नाहीत. आजोबांनी गाडी चालवायचं कबूल केलं. "ह्यात सिंह मी व्हायचं की वानर?" असं त्यांनी विचारलं, पण तेवढ्यावर भागलं.

ऑक्टोबरातलं ऊन तुम्हाला माहीत नाही. पाऊस गेलेला असतो आणि वारा सुटलेला नसतो. सकाळी सातलाच पाठ भिजते. गणपतीपुळ्याच्या पुढे आजोबा म्हणाले, "चहा घेऊया का?"

"नियमात नाही," मी म्हटलं.

"मलाही नको," वन्सं मागच्या सीटवरून म्हणाल्या.

जयगडला फेरीबोटीत गाडी चढली. तिथेसुद्धा आम्ही दोघी गाडीतच बसून राहिलो. बोटीवरचा माणूस काचेतून डोकावून म्हणाला, "काकी, उतरा की. वारा लागंल." मी त्याला सांगितलं की आम्ही आफ्रिकेचा सराव करतोय. तो बराच वेळ आमच्या बुटांकडे बघत राहिला. मी खाडीवरचा समुद्रगरुड दुर्बिणीतून पाहिला आणि दुर्बीण वन्संना दिली. त्यांनी पाहिल्यासारखं केलं.

वेळणेश्वरला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. उतरल्या उतरल्या वन्सं देवळाकडे न जाता घाईने शेजारच्या खाणावळीकडे गेल्या. परत आल्या, दर्शन झालं, आणि किनाऱ्याकडे जाताना माडांखाली त्या अचानक थांबल्या. तोंड पांढरं पडलं होतं. मी धरलं म्हणून पडल्या नाहीत. त्यांना बसवलं, बूट काढले आणि पाण्यासाठी त्यांची पिशवी उघडली. बाटली घरून भरून आणली तशीच होती. झाकण फिरवलेलंसुद्धा नव्हतं.

आजोबा शहाळं आणायला धावले. मी बाटली त्यांच्या तोंडाशी नेली.

"प्या, वन्सं."

"नको गो."

"चक्कर पाण्यावाचून आलीय."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

त्यांनी आधी आजोबा कुठे आहेत ते पाहिलं. ते शहाळंवाल्याशी माडावरच्या किडीबद्दल बोलत उभे होते, म्हणजे लवकर येणार नव्हते.

"तुझ्या त्या कागदावर लिहिलंय ना, तासन् तास गाडीतून उतरायचं नाही."

"हो."

"मला तासभरसुद्धा धरवत नाही, वहिनी. दोनेक वर्षं झाली. एसटीने रत्नागिरीला यायचं तर आदल्या रात्रीपासून पाणी घेत नाही मी. आणि तिथे ती उघडी गाडी, परके बाप्ये, वर सिंह. माझी शोभा होणार, तुझी पण होणार."

मी बाटली खाली ठेवली. त्या पुढे म्हणाल्या, "तुला नाही म्हणवेना. म्हटलं देवीला विचारू. ती नाही म्हणाली की सुटलो, तुला राग नाही आणि मला लाज नाही. तर तिने रोखठोक उजवा दिला! आता देवी जा म्हणाली तर मी नाही म्हणणारी कोण? मग म्हटलं, पाण्यावाचून राहायची सवय करू. तू बुटांची सवय करतेस, मी ही करत होते."

इथे तुमची आई थांबेल.

मला पहिल्यांदा सुचलं ते डॉक्टर. पण तेव्हा डॉक्टरांचं नाव काढून उपयोग नव्हता, हे मला दिसत होतं. म्हणून जे खरं होतं ते सांगितलं. "वन्सं, मी जोरात शिंकले तर माझंही खरं नसतं. शाळेतली शेवटची वर्षं मी खडूच्या धुळीला घाबरून काढली."

वन्संना हसू फुटलं, आणि हसताना त्या "मेले, हसवू नको, हसवू नको" म्हणून पोट धरू लागल्या, त्यामुळे मलाही आवरेना. आजोबा शहाळी घेऊन आले तेव्हा आम्ही दोघी डोळे पुसत होतो. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी शहाळी ठेवली आणि पुन्हा माडांकडे गेले. ह्या बाबतीत ते शहाणे आहेत.

वन्संनी शहाळं हातात घेतलं, पण प्यायल्या नाहीत. "परत जायचंय अजून," म्हणाल्या.

मग मी तिथूनच सहलीच्या मॅनेजरला फोन लावला. तो पुण्याचा, तुमच्या मामाच्या वयाचा. वन्संना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. प्रश्न मात्र मला मराठीत विचारता येईना, म्हणून मी तो इंग्रजीत विचारला. माझ्या इंग्रजी शिक्षणाचा इतका सरळ उपयोग त्याआधी झाल्याचं आठवत नाही.

त्याने उत्तर मराठीत दिलं. "काकू, हे सगळेच विचारतात. निम्मे लोक निघायच्या आदल्या रात्री विचारतात, तुम्ही लवकर विचारलंत. गाडी थांबते. कुणीही हात वर केला की थांबते. गाइड आधी खाली उतरतो, झुडपांमागे जनावर नाही ना बघतो, मग एकेकाला पाठवतो. उतरायचं नाही म्हणजे आपल्या मनाने उतरायचं नाही."

"म्हणजे सिंव्हाला विचारून बसायचं?" वन्सं फोनकडे वाकून म्हणाल्या.

पलीकडे तो हसला. "तसंच, मावशी. आणि पाणी मात्र पीत राहायचं हं. तिकडे पाणी न पिऊन माणसं आजारी पडतात."

"आणि आडोसा?" वन्संनी विचारलं.

"झुडूप असतं ना."

"झुडूप एका बाजूला असतं, बाबा. गाडी दुसऱ्या बाजूला असते."

"तेवढं चालवून घ्यावं लागतं, मावशी," तो म्हणाला.

मी फोन ठेवला. वन्सं माडाला टेकून विचार करत होत्या. "वऱ्हाडाच्या ट्रकमधून जायचो ना आपण," त्या म्हणाल्या, "तेव्हा सड्याच्या उघड्या कातळावर कुठे झाड होतं? दोघींनी साडीची दोन टोकं धरायची, बाकीच्यांनी एकेक करून आत जायचं. अख्ख्या वऱ्हाडाचं व्हायचं." मग माझ्या खाकी पँटकडे त्यांनी बोट केलं. "तुझ्या ह्याचा आडोसा होतो का सांग."

तेव्हा मला कळलं की पंजाबी ड्रेसला त्या नाही का म्हणत होत्या.

त्यांनी शहाळं तोंडाला लावलं आणि संपवलं. येताना गाडी वाटेत थांबली, तीही सांगितल्यावर लगेच. आजोबांनी समोर पाहत राहून वानरांवरचं आपलं मत पुन्हा सांगितलं.

पुढच्या आठवड्यात मी वन्संना रत्नागिरीत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी काही व्यायाम आणि गोळ्या दिल्या, आणि पाणी तोडल्याबद्दल वन्संना रागावल्या. वन्संनी ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "देवीला माहीत असणार, ह्यावर गोळी मिळते ते." मी वाद घातला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पावसच्या बागेत बॅगा वजन करायला नेल्या. कॅनिंगच्या कारखान्याला जाणारा आंबा ज्या काट्यावर घालतो, त्याच काट्यावर. लहान विमानाला वजनाची मर्यादा आहे आणि माझी बॅग तिच्या वर गेली.

"काय काय भरलंस?" आजोबांनी विचारलं.

वन्संनी माझ्या परवानगीची वाट न बघता बॅग उघडली. वर आंबापोळीचा डबा होता, त्यांनीच चोरून ठेवलेला. परदेशात फळांचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तो मी बाहेर काढला. तेवढ्याने भागेना. मग त्यांनी माझी दुसरी खाकी पँट काढली आणि दोरीवर टाकली. तिच्या जागी स्वतःच्या पिशवीतून एक जुनं, हलकं सुती लुगडं घडी करून ठेवलं, मातीच्या रंगाचं, अगदी सूचनापत्रात सांगितलं होतं तसं.

"दोन्ही बाजूंनी आडोसा धरायचा तर दोन साड्या हव्यात," त्या म्हणाल्या. "एक माझ्याकडे आहे. पुण्याच्या बायकांची सोय आपणच बघायची."

काटा मर्यादेच्या आत आला. आजोबांनी खडूने वजन बॅगेवर लिहिलं, आंब्याच्या पेटीवर लिहितात तसं. वन्संनी ओट्यावरचा तांब्या उचलला, तो भरलेला आहे का बघितला, आणि तिथेच उभ्याने सगळं पाणी पिऊन टाकलं.